पाऊस बदललाय, घराच्या विम्याचा कागद एकदा उघडून बघा

मागच्या अंकात घराच्या विम्यावर चार ओळी लिहिल्या काय आणि पत्रांचा नुसता पाऊस पडला, म्हणून यावेळी अख्खं सदर त्यालाच दिलंय. प्रश्न थोडे आखूड केलेत, नावं मुद्दाम घातली नाहीत. मी स्वतः २२ वर्षं क्लेमच्या, म्हणजे विम्याची भरपाई मागणाऱ्या दाव्यांच्या कामात होते, पाण्यात गेलेली घरं आतून बघितलीत, त्यामुळे जे लिहितेय ते जीव लावून लिहितेय.

ताई, सोलापूर म्हणजे दुष्काळी जिल्हा. आमच्या आजीनं ७२ चा दुष्काळ काढला, आम्ही चार दिवसाआड नळाचं पाणी भरत मोठे झालो. आणि आता एजंट म्हणतोय पुराचा विमा घ्या, हवामान बदललंय. आम्हाला पूर कुठला ओ? विमा विकायची ही नवी युक्ती तर नाही ना? (जुळे सोलापूर)

दादा, पाच-सात वर्षांपूर्वी कुणी विचारलं असतं तर मीसुद्धा तुमच्यासारखंच बोलले असते. पण १४ ऑक्टोबर २०२० आठवा. बंगालच्या उपसागरातून निघालेला कमी दाबाचा पट्टा आंध्र, तेलंगणा ओलांडून थेट आपल्यावर आला, एका दिवसरात्रीत ओढे-नाले रस्त्यावर, पंढरपुरात चंद्रभागेच्या कुंभार घाटावर भिंत पडून ६ जण गेले. मग सप्टेंबर २०२५, सीना नदी अशी सुटली की लांबोटीजवळ पुण्याचा हायवे बंद ठेवावा लागला, माढा, करमाळा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर, सगळीकडं गावात पाणी. ज्या सीनेत एरवी निम्मं वर्ष वाळू आणि बाभळी दिसतात त्या सीनेचं बोलतेय मी. आणि त्याच वर्षी मे महिन्यात, वळवाच्या दिवसात, मान्सून महाराष्ट्रात येऊन बसला होता.

आपला जिल्हा पर्जन्यछायेतलाच आहे, ते काही बदललेलं नाही, बदललंय ते पाऊस पडायची रीत. हवा १ डिग्रीनं तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं, म्हणजे ढग जास्त दिवस कोरडे फिरतात आणि फुटले की एकदम रिकामे होतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली अभ्यास छापला, त्यात मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर होणारी अतिवृष्टी १९५० ते २०१५ या काळात जवळपास तिप्पट झाल्याचं दाखवलंय. सरासरी बघून घर सुरक्षित आहे असं मानणं आता परवडणारं नाही, कारण सरासरी वर्षाची असते आणि घरात पाणी एका रात्रीत शिरतं.

एजंटचं म्हणाल तर त्याला कमिशन मिळतं हे खरंच आहे, पण म्हणून धोका खोटा ठरत नाही. तुम्ही त्याच्याकडं 'भारत गृह रक्षा' मागा. हे विमा नियामकानं १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना ठेवायला लावलेलं एकसारखं प्रॉडक्ट आहे, कंपनी कुठलीही असो मूळ अटी त्याच. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, पाणी तुंबणं, दरड, दंगल सगळं एकाच पॉलिसीत येतं, पुराचा वेगळा विमा काढावा लागत नाही. एजंट वेगळा काहीतरी विकत असेल तर तिथंच थांबा.

बँकेनं लोन देतानाच विमा काढलाय, तेव्हा ४० हजाराच्या वर कापले होते. मग परत कशाला काढायचा? (दमाणी नगर)

हा प्रश्न सगळ्यात जास्त आलाय आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. ताई, आज संध्याकाळी भाकऱ्या थापून झाल्या की लोनची फाईल काढा आणि तो विम्याचा कागद हातात घ्या. त्यावर तुमच्या यजमानांचं वय, नॉमिनी म्हणून तुमचं नाव आणि लोनच्या रकमेएवढी रक्कम दिसतेय का? दिसत असेल तर तो जीवन विमा आहे, घराचा नाही. कर्ज घेणाऱ्याचं काही बरंवाईट झालं तर कर्ज फिटावं म्हणून तो असतो आणि त्याचा हप्ता एकरकमी मोठा असतो, तुमचे ४० हजार गेलेत ते बहुतेक तिथंच. तो विमा वाईट नाही, उलट ठेवाच, पण घरात गुडघाभर पाणी शिरलं तर त्यातून एक रुपया मिळणार नाही.

घराच्या विम्याच्या कागदावर घराचा पत्ता असतो, बांधकामाचं क्षेत्रफळ असतं आणि आग-पूर-भूकंप अशी जोखमीची यादी असते. काही बँका हाही काढतात पण कागद फाईलमध्येच राहतो, ग्राहकाला कॉपी मिळत नाही. मागून घ्या, तुमचा हक्क आहे. कॉपी मिळाली की दोन गोष्टी बघा, तारीख संपलीय का आणि फक्त बांधकामाचाच विमा आहे का सामानाचाही. बँकेला तिच्या कर्जाशी मतलब असतो, तुमच्या फ्रीज-कपाटाशी नसतो, त्यामुळे बऱ्याचदा सामान त्यात नसतं किंवा रक्कम कर्जाएवढीच असते.

आता रक्कम किती घ्यायची, कारण इथं लोक हमखास चुकतात. फ्लॅट ४० लाखाला घेतला म्हणून ४० लाखाचा विमा नसतो काढायचा. जागेची किंमत त्यात येत नाही, जागा कुठं वाहून जात नाही. कारपेट एरिया गुणिले आजचा बांधकामाचा दर, एवढंच. समजा ६०० स्क्वेअर फूट आणि दर १८०० रुपये धरला तर १० लाख ८० हजार. त्याच्या २० टक्के म्हणजे २ लाख १६ हजाराचं घरातलं सामान भारत गृह रक्षामध्ये आपोआप येतं, जास्तीत जास्त १० लाखापर्यंत, वेगळी यादी द्यावी लागत नाही. दागिने मात्र यात येत नाहीत, त्यांचं वेगळं सांगून घ्यावं लागतं. जुन्या पॉलिसीत रक्कम कमी लिहिली असेल तर क्लेमही त्याच प्रमाणात कापायचे, मी अशी कापलेली किती प्रकरणं बघितलीत आणि दरवेळी समोरच्या माणसाच्या तोंडाकडं बघवायचं नाही. या नव्या पॉलिसीत ती कपात काढून टाकलीय, लिहिलेल्या रकमेपर्यंतचं नुकसान पूर्ण मिळतं.

शेळगीत नाल्याच्या बाजूला खालच्या मजल्यावर राहतो, भाड्यानं. रात्री पाणी आलं, गादी, फ्रीज, पोरीची पुस्तकं सगळं भिजलं. विमा नव्हता. पुढच्या वेळेसाठी काय करू? भाडेकरूला मिळतो का विमा? (शेळगी)

मिळतो. भिंती मालकाच्या, सामान तुमचं, तेव्हा तुम्ही फक्त सामानाचा काढायचा, तो तुमच्या आवाक्यातलाच असतो. दोन-तीन ठिकाणी भाव विचारा आणि एवढं लक्षात ठेवा की पाणी दारात आल्यावर काढलेल्या विम्याचा उपयोग नाही, मृग लागायच्या आधी काढा.

आणि परत पाणी आलंच, देव करो न येवो, तर काय करायचं ते सविस्तर सांगते, कारण क्लेम तिथंच बसतो नाहीतर तिथंच बुडतो. आपली माणसं पाणी ओसरलं की पहिल्यांदा काय करतात तर घर धुतात. चिखल, वास, किडे, कोण थांबणार ओ तसं? सीनेकाठच्या एका गावात आम्ही तिसऱ्या दिवशी पोचलो तर त्या मावशींनी घर असं लख्ख केलेलं की पाणी आलं होतं यावर कुणाचा विश्वास बसला नसता. भिंती चुन्यानं सारवलेल्या, गाद्या गावाबाहेर टाकून दिलेल्या. बरोबरचे सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजायला आलेले, वहीत काहीच लिहीनात. मी सहज गोदरेजच्या कपाटाचं दार उघडलं, वरच्या कप्प्यात साड्यांची घडी तशीच होती, आणि आतल्या बाजूला मागच्या पत्र्यावर, खालून साडेतीन फुटावर, गाळाची एक सरळ करडी रेघ. वरच्या साड्या कोऱ्या, रेघेच्या खालच्या कप्प्यातल्या घड्या दगडासारख्या वाळलेल्या. मावशींचं तिकडं लक्षच गेलं नव्हतं, आम्ही यायच्या जरा आधीपर्यंत चावी मिळत नव्हती म्हणून कपाट आतून पुसायचं राहून गेलेलं. त्या एका रेघेवर त्यांचा क्लेम उभा राहिला.

म्हणून धुवायच्या आधी मोबाईल काढा. भिंतीवरची पाण्याची रेघ, तिच्याजवळ टेप किंवा झाडू उभा धरून, म्हणजे उंची कळते. प्रत्येक खोलीचा व्हिडिओ बाहेरून आत येत घ्या, रस्त्यावरचं पाणी, दार, मग आतलं. फ्रीज-वॉशिंग मशीनच्या मागचा नंबराचा स्टिकर. कंपनीला त्याच दिवशी फोन करा, तक्रारीचा नंबर लिहून घ्या. टाकून द्यायचं सामान सर्व्हेअर बघून जाईपर्यंत अंगणात ताडपत्रीखाली ठेवा, अगदीच कुजत असेल तर फोटो काढून आणि कंपनीला मेसेज टाकून मगच फेका. पंचनामा होत असेल तर त्याची कॉपी घ्या. आणि भिजलेला फ्रीज चालतोय का बघायला प्लग लावू नका, तसं करताना शॉक बसलेली माणसं मी बघितलीत.

पोरीच्या पुस्तकांचं वाचून मलाच कसंतरी झालं. पुस्तकं-दप्तर पावसाळ्याचे चार महिने माळ्यावर किंवा कपाटाच्या डोक्यावर ठेवा.

होटगी रोडला ६ वर्षांपूर्वी बंगला बांधला. उन्हाळ्यात भिंतींना तडे जातात, पावसाळ्यात थोडे मिटतात, गेल्या दोन वर्षात एक तडा एवढा वाढलाय की बोट जातं. पॉलिसीत जमीन खचण्याचं कव्हर लिहिलंय. क्लेम टाकू का?

काका, तुम्हाला वाईट वाटेल, पण खोटी आशा लावणार नाही. हा तडा काळ्या मातीचा आहे. आपली काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आवळते, उन्हाळ्यात रानात भेगा पडतात तशाच त्या तुमच्या पायाखालीसुद्धा पडतात. पूर्वी पाऊस हळूहळू मुरायचा, माती हळूहळू फुगायची. आता दोन महिने कोरडे आणि मग चार दिवसात महिन्याचा पाऊस, म्हणजे माती एकदम आवळते आणि एकदम फुगते, भिंतीला तो हिसका बसतो. तुमचा तडा गेल्या दोन वर्षातच का वाढला याचं माझ्या मते हे एक कारण आहे, पण पायाची खोली आणि बंगल्याभोवतीचा पाण्याचा निचरा बघितल्याशिवाय छातीठोक सांगता येणार नाही.

पॉलिसीत जमीन खचणं आहे, बरोबर. पण त्याच कलमाच्या खाली बारीक अक्षरात अपवाद आहेत: नेहमीचे तडे जाणं, नव्या बांधकामाचं बसणं, भर टाकलेल्या जमिनीचं सरकणं, डिझाईन किंवा कामातला दोष, निकृष्ट माल. तुमचा क्लेम 'नेहमीचे तडे' किंवा 'पायातला दोष' यात जाईल असंच मला दिसतंय. एका रात्रीत जमीन धसली आणि कोपरा खाली गेला तर गोष्ट वेगळी, तेव्हा लगेच कळवा.

मला यात मनापासून खुपणारी गोष्ट अशी आहे. विम्याला घटना लागते, अमुक तारखेला अमुक झालं. पूर आला, वीज पडली, वादळानं पत्रे उडाले, याला तारीख आहे. पण तापलेली हवा आपलं घर बऱ्याचदा बिनतारखेचं खाते, स्लॅबचा गिलावा सुटतो, गच्चीचं वॉटरप्रूफिंग उन्हानं फुटतं, माती भिंत ओढते, आणि ते सगळं 'झीज' या एका शब्दात बसवून बाहेर टाकलं जातं. हा कंपनीचा लबाडपणा आहे असं मी म्हणणार नाही, झीज जगात कुठंच विम्यात येत नाही, पण माणसाला हे आधी सांगितलं पाहिजे की ओ.

तुम्ही असं करा, स्ट्रक्चरल इंजिनिअर एकदा घरी आणा, विमा एजंट नव्हे. तडा सरकतोय का बघायला काचेची पट्टी लावून ठेवतात, ती फुटली का बघतात. गच्चीचं पाणी पायाजवळ पडतंय ते पाईपनं लांब न्या, भिंतीला खेटून लावलेलं मोठं झाड असेल तर तेही दाखवा, आणि बंगल्याभोवती फरशीची उतरती पट्टी करून घ्या. पैसे तिथं लागतील, पण ते सार्थकी लागतील.

पूर्व भागात घर आहे, खाली चार माग, वर आम्ही राहतो. वर पत्रे आहेत. विमा बसतो का?

पत्र्याचं छत चालतं. नियमात कच्चं बांधकाम म्हणून जे बाहेर ठेवलंय ते गवत, बांबू, फळ्या, ताडपत्री, प्लॅस्टिक असलं. वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडाले तर वादळ म्हणून मिळतं. जुनी माळवदाची घरं असतील त्यांनी मात्र बांधकाम काय आहे ते प्रपोजल फॉर्मवर साफ लिहून कंपनीचा होकार लेखी घ्या.

पण अण्णा, खालचे माग लपवू नका. घराचा विमा राहत्या घराचा असतो. माग, सूत, तयार टॉवेल यांच्यासाठी छोट्या धंद्यांची 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' आहे, ५ कोटीपर्यंतच्या मालमत्तेला. दोन्ही वेगळे काढा आणि एकाच घरात दोन्ही आहे हे दोन्हीकडं सांगा. सूत असलेल्या घरात आग लागली आणि कागदावर नुसतं 'राहतं घर' असेल तर क्लेम नाकारायला ते एक कारण पुरतं. उन्हाळ्यात ४३-४४ डिग्रीला कूलर, पंखे, माग सगळं एका जुन्या वायरिंगवर चालतं, त्याचीही भीती वाटते. शॉर्ट सर्किटनं जळालेली मोटर स्वतः विम्यात येत नाही, तिथून पसरलेल्या आगीचं नुकसान येतं.

गावात पूर आला की सरकार मदत देतंच की. मग हप्ते का भरायचे? (मोहोळ तालुका)

मदत मिळते आणि मिळालीच पाहिजे. पण आकडे बघा. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषात सपाट भागातलं पक्कं घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार, आणि निदान १५ टक्के पडझड झाली तर ६ हजार ५००. कपड्यांना २ हजार ५००, भांड्यांना २ हजार ५००. राज्य सरकार कधीकधी वरून घालतं. आज ६ हजार ५०० रुपयात पडलेली भिंत उभी राहत नाही, गवंड्याची मजुरीच किती होते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. विमा काढला म्हणून सरकारी मदतीवरचा हक्क जात नाही, पंचनाम्याला नाव लावाच.

अमेरिकेत कंपन्या घरांचा विमा द्यायचंच बंद करायला लागल्यात असं वाचलं. आपल्याकडं तसं होईल का? हप्ते वाढतील का? (सात रस्ता)

वाचलं ते खरं आहे. कॅलिफोर्नियातली सगळ्यात मोठी घरविमा कंपनी, स्टेट फार्म, तिनं मे २०२३ मध्ये तिथं नवीन पॉलिसी घेणं थांबवलं, वणव्यांचा धोका आणि बांधकामाचा वाढता खर्च ही कारणं सांगून. जानेवारी २०२५ ला लॉस एंजेलिसला वणव्यांनी जे झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय.

त्याचा आपल्याशी संबंध असा आहे की विमा कंपन्यासुद्धा स्वतःचा विमा काढतात, त्याला पुनर्विमा म्हणतात. आपल्याकडं सरकारी जीआयसी री आहे, बाहेर स्विस री, म्युनिक री. स्विस रीच्या हिशोबानं २०२४ मध्ये जगभरात नैसर्गिक आपत्तींचं विमा असलेलं नुकसान १३७ अब्ज डॉलर झालं, आणि १०० अब्जाच्या वर जायचं ते सलग पाचवं वर्ष होतं. हे पैसे कुठूनतरी वसूल होतात, फ्लोरिडातल्या वादळाचा भार थोडाथोडा सगळीकडं वाटला जातो. आपल्याकडं घरांचा विमा काढणारेच इतके थोडे आहेत की कंपन्या उलट ग्राहक शोधतायत, त्यामुळे सोलापूर सोडून जातील अशी भीती मला आज वाटत नाही. हप्ते मात्र पुराच्या पट्ट्यात वाढतील असं माझं मत आहे.

म्हणून माझा सल्ला, जमत असेल तर एका वर्षाची न घेता लांब मुदतीची घ्या, १० वर्षांपर्यंत मिळते. आजच्या भावात ती मुदत बांधली जाते आणि एका वर्षाहून जास्त मुदतीच्या पॉलिसीत विम्याची रक्कम दरवर्षी आपोआप १० टक्के वाढते, सिमेंट-सळईचे भाव वाढतात त्याला ते बरं पडतं. या हप्त्यावर जीएसटी १८ टक्के आहे, सप्टेंबर २०२५ ला जो माफ झाला तो वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याचा, एजंट उलटं सांगत असेल तर पावती बघा.

नाल्याचं पाणी घरात शिरलं, क्लेम टाकला, कंपनीनं 'भिंतीतला ओलावा आणि झीज' म्हणून नाकारला. शेजाऱ्यांच्याही घरात तेवढंच पाणी होतं. आता काय? (कुमठा नाका)

भाऊ, हे सोडू नका. भिंतीतून झिरपलेलं पाणी आणि बाहेरून चढून आलेलं पाणी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, बाहेरून चढलेलं पाणी पॉलिसीत स्पष्ट आहे. तुम्हाला फक्त ते बाहेरून आलं हे दाखवायचंय. त्या रात्रीचे गल्लीतले मोबाईल व्हिडिओ गोळा करा, कुणाच्यातरी स्टेटसला असतीलच. शेजाऱ्यांचे पंचनामे, महापालिकेकडं केलेल्या तक्रारी आणि हवामान खात्याच्या सोलापूर वेधशाळेची त्या तारखेची पावसाची नोंद जोडा. सर्व्हेअरच्या रिपोर्टची कॉपी मागा, त्यानं पाण्याची उंची लिहिलीय का बघा.

हे सगळं लावून आधी कंपनीच्याच तक्रार विभागाला लेखी द्या, सोबत विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर टाका, किंवा १५५२५५ ला फोन करा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा विमा लोकपाल, आपल्याला पुण्याचं कार्यालय लागू होतं. ५० लाखापर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, वकील लागत नाही, साध्या मराठीत अर्ज चालतो. फक्त कंपनीच्या शेवटच्या नकारापासून वर्षाच्या आत जावं लागतं. तुम्ही पाठवलेल्या पत्राच्या झेरॉक्सवर तारीख कापली गेलीय, मूळ पत्रावर कुठली आहे ते मला कळवा, मग अर्ज कसा लिहायचा ते आपण बसून बघू.